रात्री तिथं जागं कोण असतं?

आमच्या घरी ट्रिप ठरली की नवरा गाडीचं बघतो, पोरगा गाण्यांचं बघतो, सासूबाई खाण्याचे डबे भरतात आणि झोपायचं कुठं हे खातं माझ्याकडं येतं. कुणी दिलेलं नाही, मीच घेतलंय. माझं म्हणणं असं की एखादा किल्ला राहिला, एखादा महाल बंद होता, काही बिघडत नाही, पण रात्र बिघडली की पुढचे दोन दिवस गाडीत सगळे एकमेकांवर खेकसत बसतात आणि त्यात गाडी चालवणाराच अर्धवट झोपलेला असेल तर मग बोलायलाच नको. आणि दुसरं म्हणजे मी लॉजच्या काउंटरमागं वाढलेली आहे, त्यामुळं या एका विषयात मला कुणी शिकवायला आलं की मी ऐकून घेते आणि करायचं तेच करते.

मामाचं लॉज होतं सोलापूर स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. आता नाही, जागा विकली, खाली मोबाईलची दुकानं झाली. बोर्डावर नाव मामाचं, चालवायची मात्र मामी. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याशेजारी स्टुलावर बसून रजिस्टर लिहायची. नाव, गाव, कुठून आले, कुठं जाणार, माणसं किती, आल्याची वेळ, सही. कुठून आणि कुठं हे दोन रकाने भरता भरता मला कळलं की आपलं सोलापूर बघायला येणारे थोडे आणि सोलापुरात रात्र काढायला येणारे जास्त. मुंबईहून हैदराबादला निघालेला माणूस संध्याकाळी इथं पोचतो आणि उरलेलं तीनशे किलोमीटर सकाळवर टाकतो. तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर असं चारीकडचं करायचं तर मधोमध सोलापूर. शिवाय रस्ते बघा, पुण्याहून हैदराबादमार्गे थेट मछलीपट्टणमला जाणारा ६५ नंबर, ज्याला आमच्याकडची जुनी माणसं अजून नऊ नंबरच म्हणतात, रत्नागिरी-कोल्हापूरकडून येणारा १६६, आणि पंजाबातल्या संगरूरहून निघून राजस्थान, मध्य प्रदेश, धुळे, बीड, तुळजापूर करत सोलापुरातून विजापूरकडं जाणारा आणि शेवटी कर्नाटकात अंकोल्याला समुद्राजवळ संपणारा ५२. या ५२ वरच मी पुढं येते कारण आमची मोठी ट्रिप त्याच्यावरच झाली.

तर मामी. शिक्षण सातवी, पण माणूस दारातनं आत येईपर्यंत तिनं त्याला कुठली खोली द्यायची हे ठरवलेलं असायचं. बायका-पोरं असतील तर पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, काउंटरवरनं आवाज येईल अशी खोली. चार-पाच जणांचा ग्रुप, हातात जड पिशवी आणि पिशवीत बाटल्या वाजतायत, तर सगळ्यात वर मागच्या बाजूला. ड्रायव्हर लोकांना रस्त्याकडची, म्हणजे त्यांना खिडकीतनं गाडी दिसते, नाहीतर ते रात्री चार वेळा उठून खाली येतात. एकटा माणूस, सामान काहीच नाही, असा आला की तिच्या पोटात गोळा यायचा, का ते सांगायची गरज नाही. त्याला सरळ नाही म्हणायची नाही ती, आधी चहा मागवायची, गप्पा मारायची, घरी फोन लावायला लावायची आणि मग किल्ली द्यायची. आजही बऱ्याच भक्तनिवासात एकट्या माणसाला खोली देत नाहीत त्याचं मूळ तिथंच आहे. माझा चुलतभाऊ बुलेटवर एकटा फिरतो, तो यावरनं सगळ्या देवस्थानांवर चिडून असतो. मी त्याला सांगते, अरे काउंटरच्या अलीकडं ये, मग बोल.

एकदा एक नवरा-बायको आले, मुलगी लहान, त्या बाई खोली बघून खाली आल्या आणि म्हणाल्या भिंतीचा रंग उडालाय, नको. मामीनं अडवलं नाही. त्या गेल्यावर मला म्हणाली, "पोरी, लोकं खोली काय बघत बसतात गं? खाली रात्री कोण बसलंय ते बघावं की." मी तेव्हा आठवी-नववीत असेन, मला काय कळलं नाही. मग तिनं बोट करून दाखवलं, समोर चहाची टपरी, रात्रभर चालू, कारण गाड्या रात्रभर येतात. तिच्याशेजारी रिक्षावाले. स्टेशनच्या दारात पोलीस. लॉजच्या खाली आमचा नाइटचा पोरगा, जो झोपला की मामी वरनं खाली येऊन त्याच्या डोक्यावर पाणी मारायची. "एवढी माणसं जागी हायत म्हणून आपलं लॉज चांगलं. रंगाचं काय घेऊन बसलीस."

हे एक वाक्य मी सगळ्या ट्रिपांना लावते. मुक्कामाची जागा सुरक्षित आहे का म्हणजे रात्री दोन वाजता तिथं जागं कोण असतं. महागड्या रिसॉर्टमधे सुद्धा कधीकधी कुणीच नसतं, गेटवर एक म्हातारे वॉचमन घोंगडी ओढून, रिसेप्शनचा फोन वाजतोय तर वाजतोय. आणि सहाशे-सातशेच्या लॉजमधे मालक कुटुंबासकट वर राहतो, त्याची आई खोकते तेवढाही आवाज ऐकू येतो. मला दुसरी जागा जास्त चालते.

आता ५२ नंबरची ट्रिप. सोलापूर ते जयपूर आणि थोडं पुढं, दिवाळी झाल्यावर, पोराची सुट्टी शिल्लक होती तेव्हा. गाडीत आम्ही दोघं आलटून पालटून चालवणार, मागं सासूबाई, त्यांचे गुडघे, आणि पोरगा. लोकांचं गणित किलोमीटरचं असतं, आज सहाशे मारू, उद्या सातशे मारू. माझं गणित घड्याळाचं. नोव्हेंबरमधे सहाच्या आसपास अंधार पडतो, म्हणजे साडेपाचला गाडीचं इंजिन बंद. नवरा म्हणतो तुझं आपलं कोंबड्यांसारखं, दिवे लागले की आत. म्हणू दे. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा दरवर्षीचा अपघातांचा अहवाल असतो, २०२२ चा बघितला तर देशात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू, आणि दिवसाचे तीन-तीन तासांचे तुकडे पाडले तर सगळ्यात जास्त अपघात संध्याकाळी सहा ते नऊमधे. आपल्याला वाटतं मध्यरात्र धोक्याची, तीही आहेच, पहाटे दोन ते पाच डोळा लागतो तो लागतोच, कितीही चहा प्या. पण सहा ते नऊची वेळ म्हणजे सगळेच रस्त्यावर, ऊसाच्या ट्रॉल्या मागचा लाल दिवा नसलेल्या, शेतातनं घरी चाललेली माणसं, समोरनं हाय बीम, आणि आपण सकाळपासून बसून आंबलेलो, त्यात "अजून फक्त ऐंशी किलोमीटर". हे फक्त ऐंशी फार वाईट. आमच्याकडं तर गाळप सुरू झालं की मोहोळ-टेंभुर्णीकडं संध्याकाळी गाडी चालवायची म्हणजे समोर ट्रॉली आहे का अंधार आहे हेच कळत नाही.

पहाटे पाचला सोलापूर सोडलं की तामलवाडीचा टोल, तुळजापूर, धाराशिव, बीड, जेवायला संभाजीनगर, साधारण तीनशे दहा किलोमीटर. तिथं थांबणं सगळ्यांना सोयीचं वाटतं, आम्ही पुढं धुळ्याला गेलो कारण मधे कन्नडचा घाट आहे आणि घाट मला उजेडातच हवा असतो, शिवाय दुसऱ्या दिवशी सेंधव्याच्या आधी बिजासन घाट, तो पण सकाळी निवांत मिळतो. मुक्काम घाटाच्या अलीकडं का पलीकडं हे आधी ठरवायचं, मग गाव. मॅपवर दोन गावं शेजारी दिसतात, त्यांच्यामधे घाट, खिंड, नदीवरचा अरुंद पूल असं काही असलं की तो अर्धा तास दिवसाचा पाहिजे. राजस्थानात झालावाडहून कोट्याला जाताना मुकुंदरा अभयारण्याच्या डोंगरात दरा नावाची अरुंद खिंड लागते, रस्ता आणि रेल्वे दोन्ही त्यातनंच, एक ट्रक बंद पडला की तासन् तास गाड्या उभ्या. म्हणून आम्ही कोट्याचा हट्ट सोडून झालावाडला राहिलो. गाव लहान, खोली कोट्यापेक्षा स्वस्त, सकाळी गागरोनचा किल्ला बघून झाला, पाण्यात उभा आहे तो, आणि खिंड दिवसा पार.

फोनचं सांगते. बुकिंग अॅप मी बघते पण बुक करत नाही, कारण रस्त्यात काय होईल सांगता येत नाही आणि एकदा पैसे भरले की माणूस त्या गावापर्यंत रेटतोच, अंधार असो का डोळे मिटत असोत. शिवाय एकदा अॅपवर कन्फर्म झालेली खोली काउंटरवर "वो तो ऑनलाइन वाला रेट में नहीं होगा मॅडम" झाली होती. तेव्हापासून अॅपवर नुसते फोटो आणि रिव्ह्यू बघायचे. रिव्ह्यूमधे चांगले वाचायचेच नाहीत. नवीन आधी असं लावायचं आणि एक-दोन स्टारवाले वाचायचे. कोणी लिहितं चहा गार होता, टॉवेल जुना होता, तर तिथं बिनधास्त जा, दुसरं काही वाईट नसणार. पण रात्री कोणीतरी दार वाजवलं, खाली बारमधे भांडण झालं, पार्किंगमधनं काहीतरी गेलं, असं एकदा जरी दिसलं तरी फुली. खाली परमिट रूम आणि वर लॉजिंग अशी जागा बायका-पोरं बरोबर असताना मी घेत नाही, कितीही स्वस्त असो.

मग दुपारी जेवायला थांबलं की नंबर शोधून थेट फोन. मी तीनच गोष्टी विचारते. गाडी आत लागते का रस्त्यावर? रात्री काउंटरला कोण असतं? आणि कमोड आहे का, तेही खालच्या मजल्यावर किंवा लिफ्ट असेल तर. तिसरा प्रश्न सासूबाईंचा, पण त्याचा फायदा असा झाला की समोरच्याला लगेच कळतं बरोबर वयस्कर माणूस आहे, फॅमिली आहे, आणि बोलायचा सूर बदलतो. दुसऱ्या प्रश्नाला लोक हसतात. कोण असतं म्हणजे? कोणीतरी असतं की. असं उत्तर आलं तर मी थँक यू म्हणून ठेवते. धुळ्यातल्या एकानं सांगितलं, "ताई, रात्री अकरापर्यंत मी, नंतर माझा भाऊ, गेटला आतून कुलूप, गाडीसाठी उठवायचं असेल तर बेल आहे." संपला विषय. भाडं त्याच्या शेजारच्यापेक्षा दोनशेनं जास्त होतं, दिलं.

पोचल्यावर मात्र खोली बघितल्याशिवाय सामान काढायचं नाही. नवरा गाडीतच बसतो, मी आणि पोरगा वर जातो. गादीचा कोपरा उचलून शिवणीत बघायचं, काळे ठिपके दिसले तर ढेकूण. दाराला आतून नुसतं लॅच नको, कडी पाहिजे, आणि कडी लावून दार ढकलून बघायचं कारण बऱ्याच ठिकाणी कडी असते, तिचे स्क्रू नसतात. खिडकी गच्चीकडं किंवा बोळातल्या गॅलरीकडं उघडते का. जिना एकच आहे का, खाली सामान रचून अडवलाय का. आणि बाथरूममधला गीझर. हे फार कमी लोक बघतात. लहान लॉजमधे अजून गॅसचा गीझर असतो, आणि बाथरूमला खिडकी नसेल, किंवा असून थंडीचं म्हणून पुठ्ठा लावून बंद केलेली असेल, तर आत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आंघोळ करता करता खाली पडतो आणि बाहेरच्याला पत्ता नसतो. गॅस गीझर आत असेल तर आम्ही बादलीनं पाणी बाहेरनं मागतो किंवा पाणी काढून गीझर बंद करून, दार उघडं टाकून मग थोड्या वेळानं आंघोळ.

एसीचं एक गंमतशीर आहे. एसी आणि नॉन-एसी म्हणून दोन रेट सांगतात, वर जाऊन बघावं तर खोली तीच, नॉन-एसीला फक्त रिमोट देत नाहीत. मामीपण हेच करायची, मी तोंडावर नाव घेऊन सांगतेय. नोव्हेंबरमधे रिमोट नसलेली खोली म्हणजे स्वस्तात मस्त. चेक-आउटचं मात्र आधी विचारायचं. आमच्याकडं स्टेशनजवळच्या जुन्या लॉजमधे चोवीस तासांचा हिशोब असायचा, संध्याकाळी सहाला आलात तर दुसऱ्या दिवशी सहापर्यंत खोली तुमची. नवीन ठिकाणी बारा नाहीतर अकरा वाजता बाहेर, मग तुम्ही रात्री दहाला का येईनात. पहाटे निघणाऱ्याला फरक पडत नाही, पण एखाद्या दिवशी कुणाचं पोट बिघडलं, अर्धा दिवस झोपून काढायचा, तर तेव्हा पडतो.

टॅक्सचं पण माहीत असलेलं बरं. हजाराच्या आतल्या खोलीला आधी जीएसटी नव्हता, १८ जुलै २०२२ पासून १२ टक्के लागला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारापर्यंतच्या खोलीला ५ टक्के आहे. तरी अजून कुणी बारा लावून बिल फाडत असेल तर शांतपणे विचारायचं. आयडी म्हणून आधारची झेरॉक्स सगळीकडं मागतात, आम्ही मास्क्ड आधारची प्रिंट ठेवतो, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, कारण त्या झेरॉक्स नंतर कुठं जातात ते मी लहानपणी बघितलंय, मामी पाठीमागच्या कोऱ्या बाजूला दुधाचा हिशोब लिहायची.

धुळ्यानंतरचा मुक्काम सासूबाईंनी ठरवला. नर्मदेच्या काठी राहायचं म्हणजे राहायचं. महेश्वर का ओंकारेश्वर यावर गाडीत बरीच चर्चा झाली, महेश्वर हायवेपासून जवळ, अहिल्याबाईंचा घाट, पण ओंकारेश्वरला शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचं भक्तनिवास आहे, हे सासूबाईंना आधीपासून माहीत होतं आणि त्यांनी ते धामनोद येईपर्यंत हळूहळू गळी उतरवलं. मराठी माणसाला घरापासून एवढं लांब असं काही लागलं की तो आधी पाया पडतो आणि मग विचारतो पिठलं-भाकरी मिळेल का. मी देवभोळी नाही, पण मुक्कामाच्या दृष्टीनं भक्तनिवास हा प्रकार मला पटतो, आणि त्याचं कारण पुन्हा मामीचंच. तिथं कुणीतरी जागं असतं. पहाटेची काकड आरती म्हणजे तीन-साडेतीनपासून पाण्याचे आवाज, झाडूचे आवाज, सेवेकरी. दारू नाही, आरडाओरडा नाही, दार ठराविक वेळेला बंद. मोठ्या मंदिराच्या आवारात ट्रस्टच्या मालकीची खोली हजाराच्या आत असली तर जीएसटीही नाही. तोटे आहेत. आधी फोनवर बुकिंग सगळीकडं घेत नाहीत, रांग असते, गर्दीच्या दिवशी हॉलमधे गादी मिळते, आणि रात्री साडेनऊला पोरगा मोबाईल घेऊन "एवढ्यात झोपायचं?" म्हणून तोंड पाडून बसतो. नांदेडला गुरुद्वाराचं यात्री निवास, हैदराबाद रस्त्यावरनं थोडं आत बिदरला नानक झिरा, तिथंही हेच, डोकं झाका, लंगरला बसा, आपलं ताट आपण उचला. आमच्या सोलापूरकरांना बिदर जवळ पडतं तरी तिथं राहायचं फार कुणाच्या डोक्यात येत नाही.

पण देवाच्या गावी जायचं तर पंचांग बघूनच. हे आम्हाला सांगायला नको, कारण कोजागिरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी चालणाऱ्यांनी एवढा भरतो की वाहनं दुसरीकडनं वळवतात, संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, गड्डा, त्या आठवड्यात स्टेशनजवळ खोली मागून बघा, आणि आषाढी-कार्तिकीला पंढरपूरचं तर विचारूच नका. राजस्थानात सीकर जिल्ह्यात खाटू श्यामचं मंदिर आहे, आपल्या ५२ पासून जवळच, धर्मशाळाच धर्मशाळा, एरवी सहज खोली मिळते. पण कार्तिक शुद्ध एकादशी हा श्यामबाबांचा वाढदिवस मानतात आणि ती म्हणजे आपली कार्तिकी. म्हणजे इकडं चंद्रभागेला पाय ठेवायला जागा नाही त्याच दिवशी तिकडं खाटूलाही नाही. आम्ही जयपूरला एक रात्र जास्त काढली, एकादशी जाऊ दिली, आणि मग गेलो. सासूबाईंनी उपास जयपूरला केला, साबुदाणा डब्यात होताच.

गाडीत झोपण्याचा प्रस्ताव नवरा प्रत्येक ट्रिपला मांडतो. पैसे वाचतात, सीट मागं केली की झालं. यावर आमचं ठरलेलं भांडण आहे. मी पेट्रोल पंपाच्या विरोधात नाही, मोठा, हायवेवरचा, दिवे चालू, ट्रक उभे, चोवीस तास माणसं, अशा पंपावर मॅनेजरला विचारून, गाडी कॅमेऱ्याखाली लावून दुपारची किंवा पहाटेची तासभर झोप काढायला काहीच हरकत नाही, पंपांना टॉयलेट, पिण्याचं पाणी आणि हवा फुकट द्यावीच लागते. ट्रक ड्रायव्हरांसाठी तर आता तेल कंपन्यांनी काही पंपांवर 'अपना घर' म्हणून झोपायची सोय केलीय, बेड, आंघोळ, स्वयंपाकाला जागा, ही मला मनापासून चांगली गोष्ट वाटते, ज्यांच्या जिवावर सगळं चालतं ती माणसं इतकी वर्षं टायरच्या सावलीत झोपत होती. पण दोन गोष्टींना माझा ठाम नकार आहे. हायवेच्या कडेला पट्टीच्या बाहेर गाडी लावून झोपणं, कारण मागनं येणाऱ्या डुलकीवाल्याला आपला लाल दिवा दिसतो आणि त्याला वाटतं गाडी चाललीय, तो तिच्या मागं मागं येतो. आणि इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून, एसीत झोपणं. गीझरचाच तो गॅस, इथं सायलेन्सरमधनं येतो. काच दोन बोटं खाली, इंजिन बंद, गरम झालं तर पुढं निघा. रात्री खरंच अडकलात तर हायवेला १०३३, नाहीतर ११२, हे दोन नंबर पोराच्या फोनमधे पण आहेत.

गाडीत झोपणारे खरे दर्दी मी मामीच्या लॉजवरच बघितलेले. एकदा एक परदेशी जोडपं भलामोठा ट्रक घेऊन आलं, आत घरच केलेलं, त्यांच्या देशातनं इराण, पाकिस्तान करत रस्त्यानं आलेले. त्यांना फक्त आंघोळीसाठी एक खोली हवी होती. तेव्हा परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासात सी फॉर्म, म्हणजे त्याच्या माहितीचा सरकारी कागद, भरून कळवावं लागायचं, छोटे लॉजवाले त्या भानगडीत पडायचे नाहीत, मामी पण नाही म्हणाली. मग म्हणाली खोली नाही देत, घरात आंघोळ करा, आणि वर आमच्याच बाथरूमला बंब पेटवला. त्या बाईनं खुणेनं विचारलं रात्री ट्रक कुठं लावू. मामीनं मोहोळकडचा एक ढाबा सांगितला जिथं केरळचे ट्रक थांबतात. मी विचारलं केरळचेच का, तर म्हणाली लांबचे ड्रायव्हर उगाच कुठंपण थांबत नाहीत, ज्या ढाब्यावर लांबच्या पाट्यांच्या गाड्या दिसतील तिथं चोरी होत नाही असं समज. हे मी अजून वापरते, ढाब्यावर जेवायला सुद्धा. एक जेवण झालं की मालकालाच विचारायचं पुढं राहायला कुठं बरं आहे, आणि तो नुसतं नाव सांगतो का "माझं नाव सांगा" म्हणतो ते ऐकायचं. दुसऱ्या प्रकारात कमिशन असतं, पण ओळखही असते, मला चालतं.

सामानात एक सोलापुरी चादर आणि दोन टॉवेल असतातच. गादी कशीही असो, वर आपली चादर टाकली की सासूबाईंना झोप लागते, आणि जाड असल्यामुळं राजस्थानातल्या थंडीत पांघरायला पण होते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहेच, रात्री उशीर झाला, हॉटेलचं किचन बंद, तर जेवणासाठी अंधारात बाहेर पडावं लागत नाही, नुसतं दही आणलं की भागतं. झालावाडला त्या लॉजच्या मालकिणीनं चटणी मागून घेतली आणि सकाळी चहाचे पैसे घेतले नाहीत.

आता ५२ नंबरचं खालचं टोक राहिलंय. विजापूर, हुबळी, यल्लापूर, मग अरबैल घाट उतरून अंकोला. नवऱ्याच्या मते सोलापूरहून एका दिवसात होतं, पहाटे निघालं की संध्याकाळी समुद्र. होत असेल, पण मी घाट संध्याकाळी उतरणार नाही आणि पावसाळ्यात तर त्या बाजूला जाणारच नाही, जुलै २०२४ मधे अंकोल्याजवळ शिरूरला हायवेवर डोंगर खाली आला होता ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. तर जानेवारीत गड्डा संपल्यावर, मुक्काम यल्लापूर. तिथल्या एका लॉजला मी फोन करून झालाय, अर्धं कन्नड अर्धं हिंदी, सासूबाईंना कन्नड येतं ते कामाला आलं. गाडी आत लागते म्हणाला. रात्री कोण असतं विचारलं तर म्हणाला मीच असतो, वर आमचं घर आहे, म्हातारी आई आहे, तिला झोपच लागत नाही. खोली पक्की करावी असं माझं मत आहे, फक्त तो गरम पाण्याच्या बादलीचे वेगळे तीस रुपये मागतोय आणि सासूबाई वीसवर अडून बसल्यात.